यंत्रांनाही वैद्य हवेत

गेल्या उन्हाळ्यात आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांच्या प्रकृतीचा समाचार घेण्यासाठी आम्ही जवळच्या एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयात गेलो होतो. छातीत कफ दाटल्यामुळे त्यांना श्वास घेणे कठीण झाले होते. कफ ओढून घेणारे यंत्र त्यांच्या खाटेपासून चार हातांवरच होते. परंतु त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. चिठ्ठीवरील तारीख सात महिन्यांपूर्वीची. परिचारिकेने धावपळ करून दुसऱ्या विभागातून यंत्र आणविले, त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास त्यांच्या पत्नीने कसा काढला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयात नव्यानेच नेमलेला एक तरुण तंत्रज्ञ आला. मुलगा आपल्यापैकीच एका मराठी घरातला. त्याने चिठ्ठी वाचली, यंत्र सुरू केले. मोटार फिरत होती, पण ओढ नव्हती. त्याने नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही. मग त्याने मधली बाटली बाजूला काढली आणि पंपाच्या तोंडावरच अंगठा ठेवला. काटा सरसर वर चढला. “पंप चांगला आहे. हवा बाटलीतच कोठेतरी गळते आहे,” तो म्हणाला. पाहतो तो बाटलीच्या झाकणाची रबरी चकती चिरलेली! भांडारातून दुसरी चकती आली आणि वीस मिनिटांत यंत्र कामाला लागले.

काकूंनी त्याला कौतुकाने विचारले, “बाळ, तू डॉक्टर का रे?”

“नाही आजी, मी यंत्रांचा डॉक्टर,” तो हसून म्हणाला.

ही विद्या तू कोठे शिकलास, असे आम्ही त्याला विचारले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढली, हे त्याने सांगितलेच, पण पुढे म्हणाला, “तिथे हे यंत्र एकच होते आणि मुले वीस. दोष कसा शोधायचा ते मी रात्री घरी मोबाइलवरच्या पाठांतून शिकलो. एकेक पाठ दहा दहा वेळा पाहिला. नंतर एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली सहा महिने प्रत्यक्ष काम केले.” त्याच्या या बोलण्यात आजच्या लेखाचा सारा विषय सामावलेला आहे.

बंद यंत्रांचा प्रश्न केवढा?

हा अनुभव एखाद्या रुग्णालयापुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. आपल्या देशातील सरकारी आरोग्यसंस्थांमधील उपकरणांची मोजदाद राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वतीने करण्यात आली, तेव्हा एकोणतीस हजारांहून अधिक संस्थांत मिळून साडेसात लाखांवर उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे साडेचार हजार कोटी रुपये भरली. यांपैकी नादुरुस्त किती? निरनिराळ्या राज्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांपासून ३४ टक्क्यांपर्यंत होते. म्हणजे काही ठिकाणी दर तीन उपकरणांमागे एक धूळ खात पडलेले! या स्थितीवर उपाय म्हणून २०१५ साली उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला. जिल्हा रुग्णालयातील उपकरणे ९५ टक्के काळ चालू स्थितीत असावीत, असे लक्ष्य त्यात ठरविण्यात आले.

यंत्र बंद पडले, की ते फार गुंतागुंतीचे असल्यामुळे परदेशातून सुटा भाग आल्याखेरीज चालणार नाही, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे? मॅल्किन आणि कीन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१० साली या प्रश्नाचे उत्तर शोधले. गरीब देशांतील साठ रुग्णालयांतून आलेल्या दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ६६ टक्के यंत्रे बाहेरून सुटे भाग न मागविता पुन्हा चालू करता येण्यासारखी होती. त्यासाठी लागणारी कौशल्येही त्यांनी मोजली. ती भरली केवळ १०७. वीजपुरवठा, विद्युत्-जोडण्या, यांत्रिक भाग, नळ्या व गळती, मोटारी, आणि यंत्राची मांडणी व वापर शिकविणे, अशा सहा गटांत ती बसतात. फ्यूज ओळखणे, तुटलेली तार सांधणे, गाळणी स्वच्छ करणे, मोटारीचे कार्बन ब्रश बदलणे, चिरलेली चकती पालटणे, ही यांतलीच कामे होत.

आमच्या मते ही फार आशेची गोष्ट आहे. शंभर-सव्वाशे कौशल्ये म्हणजे काही अथांग सागर नव्हे. ती नीट मांडून, पायरीपायरीने, चित्रांसह शिकविता येतात. आणि जे पायरीपायरीने शिकविता येते, ते दूर राहूनही पुष्कळ अंशी शिकविता येते.

दूरशिक्षणाची जुनी वाट

दूर राहून शिकण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने टपालाद्वारे शिक्षण १९६२ साली सुरू केले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि त्यातून हजारो प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षणही मिळाले. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. २००३ च्या सुमारास आय. आय. टी. सारख्या संस्थांमधील प्राध्यापकांची व्याख्याने संगणकावर उपलब्ध होऊ लागली, आणि २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांसाठीही ‘भारत स्किल्स’ या नावाने अभ्याससाहित्य आणि प्रश्नसंच आता घरबसल्या मिळतात.

या शिक्षणाची निकड किती आहे, ते २०२१ च्या दुसऱ्या लाटेने आपल्याला दाखविले. प्राणवायूसाठी लोक वणवण हिंडत होते. त्यानंतर देशभर हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे प्रकल्प उभारण्यात आले. ऑक्टोबर २०२१ पर्यंत अशा अकराशेंहून अधिक प्रकल्पांचे काम सुरू झाले होते. परंतु प्रकल्प उभारला म्हणजे तो चालतोच असे नाही. म्हणून त्याबरोबरच सात हजारांहून अधिक माणसांना तो चालविण्याचे आणि राखण्याचे शिक्षण देण्यात आले.

घरोघरी आलेल्या प्राणवायूच्या लहान यंत्रांची गोष्टही हीच. हे यंत्र प्राणवायू तयार करीत नाही. हवेतून तो निवडून घेते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आणि २१ टक्के प्राणवायू असतो. ही हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या बारीक मण्यांतून नेली, की मणी नत्रवायू धरून ठेवतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू पुढे जातो. मण्यांची दोन नळकांडी आळीपाळीने काम करतात. एक भरले, की दुसरे मोकळे होते. या मण्यांना ओलाव्याचे वावडे आहे. बाहेरची गाळणी धुळीने बुजली, की यंत्र तापते आणि प्राणवायूची शुद्धता घसरते. यंत्राची घरघर मात्र पूर्ववत चालू राहते, आणि घरच्यांना वाटते सारे ठीक आहे! ही गाळणी काढून धुऊन, पुरती वाळवून बसविणे हे काम पाच मिनिटांचे. पण ते करायचे असते हे कोणीतरी सांगितले पाहिजे ना?

पडदा काय शिकवितो, काय शिकवू शकत नाही

पडद्यावरच्या शिक्षणाचे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. यंत्राच्या पोटातील हवेचा प्रवास चलच्चित्रातून जितका स्पष्ट दिसतो, तितका तो यंत्र उघडूनही दिसत नाही. पाठ हवा तेथे थांबविता येतो, पुन्हा पाहता येतो. ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचा संकोच नाही. दोष शोधण्याची पद्धत, म्हणजे यंत्राचे मनातल्या मनात दोन भाग पाडून दोष अलीकडे आहे की पलीकडे हे ठरविणे, फिरून उरलेल्या भागाचे दोन भाग पाडणे, ही तर उदाहरणांतून उत्तम शिकविता येते. त्या तरुणाने अंगठ्याने केले ते हेच. आणखी एक लाभ आहे. ज्या मुलींना परगावी वसतिगृहात पाठविण्यास घरचे कचरतात, त्यांना निदान अर्धी विद्या घरात बसून मिळू शकते.

परंतु उरलेली अर्धी विद्या हाताची आहे. स्क्रू किती आवळावा म्हणजे तो बसेल आणि आटे मोडणार नाहीत, हे बोटांनाच कळते. जळक्या वेष्टनाचा वास पडद्यातून येत नाही. मोटारीचा आवाज बदलला, हे कान सरावल्याखेरीज समजत नाही. विजेच्या उपकरणांत वीज बंद केल्यावरही काही भागांत विद्युत्-भार साठून राहतो आणि हात लावणाऱ्याला जबर धक्का बसू शकतो; ही सूचना वाचणे निराळे आणि जाणत्याच्या देखरेखीखाली ती पाळण्याची सवय लावून घेणे निराळे. शिवाय हे यंत्र रुग्णाच्या देहाला जोडायचे असते. दुरुस्तीनंतर त्याचे माप बरोबर येते की नाही, हे तपासल्यावाचून ते परत देणे म्हणजे जिवाशी खेळ. केवळ पडद्यावर शिकून प्रमाणपत्र मिळविलेल्याच्या हाती आम्ही तरी असे यंत्र सोपविणार नाही.

म्हणून मार्ग दोन्हींच्या मधला आहे: तत्त्व आणि पद्धत घरी शिकावी, हात कार्यशाळेत बसवावा, आणि नंतर अनुभवी माणसाच्या हाताखाली काही महिने घालवावेत. त्या मुलाने नेमके हेच केले होते.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना येथे आणखी एक अडचण भेडसावते. मुलगा शाळेत गुजराती, हिंदी अथवा कन्नड शिकतो, घरी मराठी बोलतो, आणि यंत्राची माहितीपुस्तिका असते इंग्रजीत. तीन भाषांच्या त्रिवेणीत विषय मात्र सरस्वतीसारखा गुप्त होतो!

या संदर्भात बडोद्याच्या कलाभवनाची आठवण होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली ते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा, की कारागिराला शास्त्र शिकवायचे तर त्याच्या भाषेतूनच शिकवावे. त्याच कलाभवनात पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून नाव मिळविणारे दादासाहेब फाळके शिकले. १९४९ नंतर ही संस्था महाराज सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाली. तेव्हाचा तो विचार आज अधिकच लागू आहे. पडद्यावरचा एकच पाठ अनेक भाषांत ऐकविणे आता अवघड राहिलेले नाही, आणि आय. आय. टी. च्या काही पाठांचे मराठीत भाषांतरही झाले आहे. इंग्रजी नावे तशीच राहोत. ‘कॉम्प्रेसर’ला ‘कॉम्प्रेसर’च म्हणू द्या. पण तो कशासाठी आहे आणि का बंद पडतो, हे मुलाला आईच्या भाषेत कळू द्या.

पालकांनी काय पाहावे?

आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी या विद्येकडे वळत असेल, तर पालकांनी फी भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष यंत्रावर काम किती तास मिळणार? परीक्षा केवळ प्रश्नोत्तरांची आहे, की दोष शोधून दाखवावा लागतो? प्रमाणपत्राला सरकारी मान्यता आहे काय? आणि शिक्षणानंतर रुग्णालयात उमेदवारी करण्याची सोय आहे काय? या चारांची उत्तरे जेथे टाळली जातील, तेथून नमस्कार करून परत फिरावे.

ज्यांच्या घरी प्राणवायूचे यंत्र आहे, त्यांनीही यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे गाळणी वेळच्या वेळी स्वच्छ करावी, यंत्र भिंतीला अथवा पडद्याला टेकवून ठेवू नये, आणि देवापुढची समई त्याच्यापासून दूर ठेवावी. यंत्र उघडण्याचे साहस मात्र करू नये; ते जाणत्याचे काम आहे.

आपल्या घरांत डॉक्टर आणि इंजिनिअर यांना जो मान आहे, तो हातात पाना घेणाऱ्या तंत्रज्ञाला अद्याप नाही. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा रुग्णालयातील यंत्रे दुरुस्त करतो’ असे सांगताना वडिलांचा आवाज किंचित खाली येतो, हे आम्ही पाहिले आहे. परंतु सात महिन्यांची ती चिठ्ठी कोणी काढली? ते वृद्ध गृहस्थ आता घरी आहेत, सकाळी फिरायला जातात. त्यांच्या पत्नीने त्या मुलाचा पत्ता आमच्याकडून मागून घेतला. दिवाळीत फराळाचा डबा पहिला त्याच्या घरी गेला.