गावतलावाची नोंद विद्यार्थ्यांच्या वहीत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या शेतीसाठी पूर्वजांनी बांधलेल्या तलावांची संख्या हजारोंच्या घरात आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. दप्तरी त्यांचे नाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ असेच आहे. तलावाखाली किती जमीन भिजते हे दप्तरात सापडते. पाण्यात कोणते जीव राहतात, पूर्वी कोणते होते, हे मात्र क्वचितच सापडते. ही उणीव गावची शाळा भरून काढू शकते. प्रयोगशाळेचा माणूस वर्षातून एखादे वेळी येऊन बाटलीभर पाणी नेतो. विद्यार्थी दरमहा त्याच काठावर जाऊ शकतात.

साधने फारशी लागत नाहीत. पिठाची चाळण, पांढरे ताट, तापमापक, दोरी आणि वही एवढ्यावर काम सुरू होते. पाण्याचा गढूळपणा मोजण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवून दोरीने पाण्यात सोडावी. ती ज्या खोलीवर दिसेनाशी होते आणि वर ओढताना जेथे पुन्हा दिसते, त्यांची सरासरी लिहून ठेवावी. अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरलेल्या तबकडीचे हे रूप असून जगभर ते आजही वापरात आहे.

ताटातील साक्षीदार

खरी माहिती मिळते ती तळाच्या गाळातून. चाळणीत गाळ धुऊन उरलेले जीव पांढऱ्या ताटात घेतले की ते हलताना स्पष्ट दिसतात. शेपटीशी बहुधा तीन बारीक तंतू असलेली मेफ्लायची पिले विद्रावित प्राणवायू पुरेसा असल्याची ग्वाही देतात. याउलट ताटात केवळ तांबड्या अळ्याच वळवळत असतील, तर तळाशी प्राणवायू कमी असल्याची शंका घ्यावी. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कीटकांच्या या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्याने त्या अल्प प्राणवायूवरही तग धरतात.

माशांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. मरळ, शिंगी आणि मागूर हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतात. ते विपुल आहेत म्हणून पाणी उत्तम, असे म्हणता येत नाही. रोहू-कटल्याला ही सोय नाही. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विद्रावित प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. रात्री वनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, वापरतात मात्र सर्वच जीव. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दुपारच्या एकाच पाहणीवर भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

काठाची पाहणीही तितकीच महत्त्वाची. मूळची दक्षिण अमेरिकेची ‘बेशरम’ ही वनस्पती अनेक तलावांत माजली आहे. गुरे तिला तोंड लावीत नाहीत आणि स्थानिक पाणवनस्पतींची जागा ती बळकावते. त्या वनस्पतींच्या आधाराने अंडी घालणारे मासे मग उणावतात आणि त्याची झळ प्रथम ढीवर कुटुंबांच्या जाळ्याला बसते. कोणता मासा कोठे अंडी घालतो आणि कोणता दिसेनासा झाला, हे त्या वस्तीतील वडीलधारी मंडळी पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक नेमके सांगतात. त्यांना पाहणीच्या दिवशी काठावर सन्मानाने बोलवावे. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही पोहणारा जाणता माणूस सोबत असणे अत्यावश्यक आहे. गुडघ्यापेक्षा अधिक पाण्यात कोणीही उतरू नये; पाहिलेले जीव पुन्हा पाण्यात सोडावेत.

वही पंचायतीपर्यंत

अशा पाहण्यांचा शेवट बहुधा शाळेच्या भिंतीवरील रंगीत तक्त्यात होतो, हे खेदाचे आहे. वास्तविक जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असते आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. विद्यार्थ्यांच्या नोंदी शिक्षकांनी पडताळून या समितीपुढे ठेवल्या, तर गाळ कोठून काढावा, बेशरम केव्हा उपटावी आणि पाणवनस्पतींचा कोणता पट्टा राखून ठेवावा, हे ग्रामसभेला आधार घेऊन ठरविता येईल. त्यासाठी प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ आणि काठावरील ठरलेली खूण असावी. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाहणी त्याच जागी व्हावी. मुख्याध्यापक बदलले तरी वही शाळेतच राहील, याची काळजी पंचायतीने घ्यावी.