समवेग सांधा : जुन्या मोटारीला नवे दांडे बसविताना

बैलगाडीच्या आसाला एकच काम असते. तो भार पेलतो. गाडी ओढण्याचे काम बैल करतात आणि चाक आसाभोवती फिरत राहते. मोटारगाडीत एवढ्याने भागत नाही. तेथे इंजिनाची शक्ती दांड्याच्या द्वारे चाकापर्यंत न्यावी लागते, आणि चाक तर रस्त्याच्या खाचखळग्यांबरोबर सतत खालीवर होत असते. म्हणजे कारागीर ज्याला शाफ्ट म्हणतात तो हा दांडा फिरलाही पाहिजे आणि फिरता फिरता वळलाही पाहिजे. पोलादी दांडा स्वतः वळू शकत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सांधे द्यावे लागतात. एका जातीचे सांधे काढून दुसऱ्या जातीचे बसविले तर काय घडते, हे एका जुन्या गाडीच्या उदाहरणाने येथे पाहावयाचे आहे.

ही गाडी म्हणजे इंग्लंडमधील लोटस कंपनीची एलान. कॉलिन चॅपमन यांच्या या कंपनीने ती १९६२ साली विक्रीस आणली. दोन आसनांची ही लहान, हलकी व चपळ गाडी अनेक हौशी मालकांनी आजही जपून ठेवली आहे. कित्येकांनी तिच्या मूळच्या इंजिनाची शक्ती वाढविली आहे. आणि ही वाढीव शक्ती सोसण्याची पाळी मागील चाकांच्या दांड्यांवर येते.

हूकचा सांधा आणि त्याचा दोष

वळणाऱ्या सांध्यांपैकी सर्वांत परिचित सांधा रॉबर्ट हूक या सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. दोन दांड्यांच्या टोकांना दोन दुबेळकी काटे आणि त्यांच्या मध्ये अधिक-चिन्हाच्या आकाराचा एक तुकडा, अशी त्याची रचना असते. आपल्याकडील कारागीर त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. मालमोटारीच्या पोटाखाली तो सहज दिसतो.

या सांध्यात एक दोष आहे. तो समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. भिंतीवरील गोल घड्याळ काढून समोर उभे धरावे व वरची कड मागे झुकवावी. वर्तुळ आता लंबवर्तुळ दिसू लागेल. बारापासून एकपर्यंतचा कोन खरोखर ३० अंशांचा आहे. परंतु घड्याळ ३० अंश झुकवून दुरून पाहिल्यास तो सुमारे ३४ अंशांचा दिसतो, तर दोन ते तीन हा कोन सुमारे २७ अंशांचाच दिसतो. हूकच्या सांध्यात एका काट्याची टोके एका पातळीत फिरतात व दुसऱ्याची तिरप्या पातळीत. त्यामुळे पहिला दांडा समान गतीने फिरला, तरी दुसरा कधी पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. सांधा ३० अंशांत वळलेला असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर दुसऱ्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ८७ पर्यंत उतरते व दोनदा ११५ पर्यंत चढते.

दोन सांधे समान कोनात व योग्य दिशेने जोडले, तर एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. परंतु ज्या गाडीचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होते, तिच्यात हे दोन कोन नेहमीच समान राहतात असे नाही.

रबरी कडे

एलानमध्ये चॅपमन यांनी निराळी युक्ती योजिली. प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराचे एकेक जाड कडे बसविले. कड्याला सहा भोके असतात. त्यांपैकी एकाआड एक अशी तीन एका बाजूच्या तीन हातांच्या चकतीला आणि उरलेली तीन दुसऱ्या बाजूच्या चकतीला जखडलेली असतात. हे रबर तीन कामे एकदम करते. ते वाकून कोन साधते, ताणले व दाबले जाऊन लांबीतील फरक सोसते, आणि इंजिनाचा धक्का पिऊन टाकते. तेल घालावे लागत नाही आणि आवाजही होत नाही.

मात्र रबर पिळले गेले की शक्ती साठविते व नंतर ती परत करते. म्हणून क्लच सोडताना ही गाडी हिसके देते. शिवाय काळ, उष्णता व तेल यांनी रबराला भेगा पडतात. भेगाळलेले कडे धावत्या गाडीत तुटले, तर मोकळा झालेला दांडा वेगाने आपटत राहतो आणि जवळचे भाग मोडून टाकतो. हा धोका लक्षात घेऊनच अनेक मालक समवेग सांध्यांचे दांडे बसवितात.

समवेग सांध्याचे तत्त्व

दोन दांडे कोनात भेटले आहेत आणि त्या कोनाच्या बरोबर मध्यावर एक आरसा उभा आहे, अशी कल्पना करावी. एक दांडा दुसऱ्याचे प्रतिबिंब होईल. शक्ती देणारे स्पर्शबिंदू नेहमी याच आरशाच्या पातळीत राहिले, तर ते दोन्ही दांड्यांच्या आसांपासून समान अंतरावर असतील. मग दोन्हींची गती क्षणोक्षणी समान राहील. हेच समवेगाचे रहस्य होय.

आल्फ्रेड शेप्पा या अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात हे तत्त्व पोलादी गोळ्यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणले. त्याच्या सांध्यात आतील व बाहेरील वाट्यांना वक्र खाचा असतात आणि त्यांत बहुधा सहा गोळ्या एका पिंजऱ्यात धरलेल्या असतात. दांडा वळला की खाचांच्या आकारामुळे गोळ्या आपोआप मध्यपातळीत येतात. १९५९ सालच्या मिनी गाडीने हा सांधा सामान्य माणसाच्या मोटारीत आणला. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही पुढील चाके फिरविण्याचे काम समवेग सांधेच करीत असत.

आधी मोजावे, मग बसवावे

रबरी कडे लांबीतील फरक सोसत असे. शेप्पाच्या स्थिर सांध्याला ते साधत नाही. म्हणून दांड्याच्या निदान एका टोकाला आतबाहेर सरकणारा सांधा लागतो, आणि त्याच्या सरकण्यालाही मर्यादा असते.

यासाठी गाडी भक्कम टेकूंवर उभी करावी; केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जाऊ नये. स्प्रिंग काढून चाकाचा तुंबा पूर्ण वर, मध्ये व पूर्ण खाली न्यावा आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंच्या चकत्यांमधील अंतर मोजावे. समजा, ते कमीत कमी ४१० व जास्तीत जास्त ४२६ मिलिमीटर भरले. सांधा एकूण ३० मिलिमीटर सरकत असेल आणि ४१८ वर तो मध्यस्थितीत असेल, तर दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर शिल्लक राहतात. हा हिशेब चुकून सांधा तळाला टेकला, तर धक्का थेट बेअरिंगवर व पेटीवर बसेल. चाक फार खाली लोंबून सांधा अडकत असेल, तर मजबूत पट्ट्याने त्याची हालचाल मर्यादित करावी.

जोडताना चकत्यांचे पृष्ठभाग स्वच्छ व सपाट असावेत. निर्मात्याने सांगितलेल्या जातीचेच बोल्ट वापरावेत आणि ते मापाच्या पान्याने, समोरासमोरच्या जोड्यांनी, ठरविलेल्या ताणापर्यंत आवळावेत. सांध्यात मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरावे व रबरी बूट दोन्ही पट्ट्यांनी पक्का करावा. बूट फाटला की ग्रीस बाहेर जाते, धूळ आत शिरते आणि उत्तम सांधाही लवकर झिजतो. शेवटी चाक सर्व उंचींवर हाताने फिरवून कोठे अडखळते का, हे पाहावे. थोडे अंतर गाडी चालविल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

एक काम मात्र उरते

आता हिसके जातात आणि दांडा तुटून आपटण्याची भीतीही कमी होते. परंतु रबराच्या तीन कामांपैकी दोनच नव्या सांध्याने घेतली. धक्का पिण्याचे काम कोणीच घेतलेले नाही. तो धक्का आता डिफरन्शिअलच्या दातांवर व दांड्यांच्या खाचांवर जाऊन पडतो. इंजिन जितके बलवान, तितका तो मोठा. म्हणून असे दांडे बसविणाऱ्याने डिफरन्शिअल व त्याचे आधार तपासून घ्यावेत आणि क्लच हळुवार सोडण्याची सवय लावून घ्यावी.

यंत्राचा एखादा भाग बदलताना तो कोणते काम करीत होता, एवढेच विचारून भागत नाही. तो किती कामे करीत होता, हे विचारावे लागते. जो कारागीर हा प्रश्न पाना हाती घेण्यापूर्वी विचारतो, त्याच्या हातची जुनी गाडी निर्धास्तपणे रस्त्यावर धावते.