तारापूरच्या समुद्राची मोजदाद

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून समुद्रात सर्वांत जास्त काही जात असेल, तर ती उष्णता. अणुभट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची उष्णता कंडेन्सरमधून फिरवलेले समुद्राचे पाणी घेते आणि कोमट होऊन पुन्हा अरबी समुद्राला मिळते. या मोठ्या प्रवाहात दुसरे एक पाणी मिसळून सोडले जाते. ते त्याच्या मानाने अगदी थोडे असते. केंद्रातल्या गळत्या, धुलाई, दुरुस्तीची कामे यांतून साचलेले हे पाणी प्रक्रिया करून सोडतात, तरी त्यात किरणोत्साराचा अंश उरतोच. तो किती गेला, कुठे पोचला आणि कुणाच्या ताटात आला, हे शोधण्याचे काम गेली पन्नासहून अधिक वर्षे एक प्रयोगशाळा करते आहे. पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा हे तिचे नाव. बोईसर-पालघर पट्ट्याबाहेर ते फारसे कुणाला माहीत नाही. तिथले मोजमाप अव्वल दर्जाचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मोजणे हे अर्धेच काम आहे. ज्याच्या पोटात तो मासा जातो त्याला आकडा दिसला पाहिजे आणि तिसऱ्या कुणाला तो पडताळता आला पाहिजे. तोवर हे काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

केंद्राचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. प्रत्येकीची क्षमता आधी २१० मेगावॉट होती, पुढे ती १६० वर आणली. २००५ आणि २००६ मध्ये शेजारीच प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या दोन स्वदेशी भट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. जुन्या दोन भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या. भट्टी बंद असली म्हणून द्रवकचरा थांबत नाही, हे इथे सांगायला हवे. पाइप बदलताना, यंत्रे धुताना तो तयार होतोच. प्रयोगशाळा केंद्र चालवणाऱ्या अणुऊर्जा महामंडळाची नाही, भाभा अणुसंशोधन केंद्राची आहे. भट्ट्या सुरू होण्याच्या आधीपासून तिने किनाऱ्याची मूळ स्थिती नोंदवायला घेतली. तसे केले नसते, तर नंतर सापडलेले काय आधीचे आणि काय भट्टीचे, हे कधीच सांगता आले नसते.

भट्टीकडचे पाणी टाक्यांत साठवतात, रसायने घालून साका खाली बसवतात, गाळतात, आयन-विनिमय राळेतून काढतात. मग नमुना तपासतात आणि परवानगीच्या मर्यादेत असेल तरच कंडेन्सरच्या प्रवाहात मिसळून सोडतात. १९८७ च्या किरणोत्सारी कचरा विल्हेवाट नियमांनुसार अशा विसर्गाला आधी परवाना लागतो आणि नोंदी ठेवाव्या लागतात. इथे कुणी म्हणेल, की नळाच्या तोंडाशीच मोजले असेल तर पुढे समुद्रात नमुने कशाला घ्यायचे? कारण हे दोन प्रश्न निराळे आहेत. टाकीतला नमुना काय निघाले ते सांगतो, काय पोचले ते सांगत नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक कित्येक मीटरचा असतो. उधाणाला आणि भांगाला पाणी सारखे वाहत नाही. काही द्रव्ये पाण्यात विरघळून दूर जातात, तर काही गाळाच्या बारीक कणांना धरून खाडीच्या तोंडाशी बसतात. टाकीचा आकडा चुकला, नमुना नीट ढवळला गेला नाही, एखादी गळती भलत्याच वाटेने गेली, तर ते उघड करणारा साक्षीदार समुद्रच.

पण समुद्राची साक्ष काढणे फार कष्टाचे आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात निसर्गाने घातलेले पोटॅशियम-४० साधारण बारा बेकरेल असते, म्हणजे दर सेकंदाला त्यातले बारा अणू फुटत असतात. अणुभट्टीत तयार होणारे सीझियम-१३७ त्याच पाण्यात शोधायचे, तर ते बेकरेलच्या हजाराव्या भागांत मोजावे लागते. म्हणून लिटरभर पाणी पुरत नाही. दहा-वीस पटींनी अधिक पाणी घेऊन त्यातले सीझियम एखाद्या रसायनावर धरून आणायचे, मग ती चिमूटभर भुकटी जाड शिशाच्या पेटीत जर्मेनियमच्या शोधकासमोर ठेवायची. शिसे एवढ्यासाठी, की भिंतीतल्या विटा आणि आकाशातून येणारे किरणही मोजणीत घुसतात. कित्येक तासांनी पडद्यावर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक बारीकसा उंचवटा दिसतो. तेच सीझियम-१३७.

या उंचवट्याचा अर्थ लावणे मला या सगळ्या कामातले सर्वांत बुद्धिमान पाऊल वाटते. १९५०-६० च्या दशकांत महासत्तांनी वातावरणात केलेल्या अणुस्फोटांचे सीझियम-१३७ जगातल्या सगळ्या समुद्रांत उतरले. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे असल्याने ते अजून शिल्लक आहे. मग तारापूरच्या पाण्यातले सीझियम नेवाडाच्या वाळवंटातले की शेजारच्या भट्टीतले? उत्तर त्याच्या भावंडाकडे आहे. सीझियम-१३४ बॉम्बस्फोटात जवळजवळ तयारच होत नाही. ते इंधन भट्टीत महिनोन्‌महिने राहिले तरच बनते, आणि दोन वर्षांत निम्मे होते. नमुन्यात ते सापडले, तर माल अलीकडचा आणि भट्टीतलाच. सापडले नाही आणि १३७ चे प्रमाण बाकीच्या समुद्राइतकेच असले, तर तो बॉम्बचा वारसा असण्याचीच शक्यता अधिक. जुन्या भट्टीच्या कचऱ्याच्या बाबतीत मात्र हा निकष सैल पडतो, कारण १३४ विरून गेलेले असते. म्हणून निव्वळ गुणोत्तरावर विसंबून चालत नाही, अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

स्ट्रॉन्शियम-९० तर याहून हट्टी. ते गॅमा किरण सोडत नाही, त्यामुळे शोधकासमोर ठेवून भागत नाही. रसायनशास्त्रात ते कॅल्शियमच्या कुळातले, आणि समुद्रात कॅल्शियम मुबलक; म्हणून आधी ते कॅल्शियमपासून वेगळे काढावे लागते. मग थांबायचे. स्ट्रॉन्शियमपासून हळूहळू यिट्रियम-९० तयार होते. ते पुरते साचायला साधारण दोन आठवडे लागतात. मग ते यिट्रियम वेगळे काढून मोजायचे, आणि तेही लगबगीने, कारण चौसष्ट तासांत ते निम्मे होते. मासळीचा नमुना असेल तर त्याआधी ती वाळवणे आणि भट्टीत राख करणे आले. तीही बेताच्या आचेवर, कारण जास्त तापवले तर सीझियम उडून जाते आणि आकडा खोटाच कमी येतो. ट्रिटियमची अडचण आणखी वेगळी. जड पाण्याच्या नव्या भट्ट्यांत ते अधिक तयार होते आणि कोणत्याही गाळणीत अडकत नाही, कारण ते पाण्याच्या रेणूचाच भाग झालेले असते. त्यासाठी पाणी ऊर्ध्वपातित करून चकाकणाऱ्या द्रावणात मिसळतात आणि अंधाऱ्या यंत्रात त्याचे क्षीण लखलखाट मोजतात. एका जाळ्यातल्या मासळीबद्दल एक ओळ लिहायला असे महिनाभराचे काम लागते. ते वर्षानुवर्षे न चुकता करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

इतके थोडेच सापडत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येतो. निसर्गातून मिळणारी सोडून, सामान्य माणसासाठी किरणोत्साराच्या मात्रेची वर्षाची मर्यादा एक मिलिसिव्हर्ट आहे. निसर्गातून जगभर सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच आणि तारापूरचे प्रसिद्ध झालेले आकडे मर्यादेच्या बरेच खाली आहेत. हा आक्षेप पोकळ नाही. पण त्याचे उत्तर इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, विंडस्केलला मिळाले. तिथल्या इंधन-पुनर्प्रक्रिया कारखान्याचे सांडपाणी समुद्रात भरपूर विरळ होत होते. तरी रुथेनियम-१०६ एका समुद्रशेवाळात साठत होते. ते शेवाळ गोळा होऊन शेकडो किलोमीटर दूर दक्षिण वेल्समध्ये जाई आणि तिथले काही लोक त्यापासून केलेला पदार्थ रोज खात. सर्वाधिक मात्रा पोचत होती ती याच लोकांपर्यंत. कारखान्याशेजारी राहणारे त्यांच्या मागे होते. पुढे १९७० च्या दशकात शेवाळाची ती वाट बंद झाली आणि मासळीतले सीझियम महत्त्वाचे ठरले. तेव्हापासून मोजणाऱ्यांचा नियम झाला: पाण्याची सरासरी सांगून थांबू नका, सर्वांत जास्त खाणारा माणूस शोधा.

पालघरच्या किनाऱ्यावर तो माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी या गावांतल्या मांगेला आणि इतर मच्छीमार घरांत मासळी हे रोजचे अन्न आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सुके बोंबील, करंदी यांवर दिवस निघतात. बोंबील मुळातच पाणीदार मासा. ताज्या बोंबलाच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणीच असते. वलांडीवर तो कडक उन्हात सुकला की वजन कितीतरी पटींनी घटते आणि मांसात जे काही असेल, पोटॅशियम असो वा सीझियम, ते त्याच पटीने किलोमागे वाढते. अर्थात ताज्या आणि सुक्याच्या आकड्यांत गल्लत केली, तर मात्रा खूप कमी किंवा खूप जास्त दिसेल. म्हणून प्रयोगशाळेचा हिशेब पक्का व्हायचा, तर कोणत्या घरात जून ते सप्टेंबर किती सुकी मासळी शिजते, शिंपले-कालवे कोण गोळा करते, लहान मुले काय खातात, हे घराघरांतून विचारावे लागेल. ब्रिटनमध्ये हेच करतात: किनाऱ्यावरच्या लोकांच्या खाण्याच्या सवयींची पाहणी होते आणि अन्न व पर्यावरणातल्या किरणोत्साराचा एकत्रित अहवाल १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी छापला जातो. त्यात गाव, मासा, द्रव्य आणि आकडा एकाच तक्त्यात असतात.

इथेच आपली पाटी कोरी नसली तरी अपुरी आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे वार्षिक अहवाल निघतात, पण त्यांत केंद्रनिहाय विसर्ग मर्यादेच्या टक्केवारीत आणि लोकांना मिळालेली मात्रा आलेखात असते. उच्छेळीच्या कोळणीला तिच्या टोपलीतल्या मांदेलीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. देशभर हवेतल्या गॅमा किरणांवर नजर ठेवणारे आयरमॉनचे जाळे आहे, पण ते पाण्यातले ट्रिटियम मोजत नाही. शिवाय केंद्र चालवणारे महामंडळ, मोजणारी प्रयोगशाळा आणि १९८३ पासूनचे नियामक मंडळ ही तिन्ही दीर्घकाळ एकाच अणुऊर्जा व्यवस्थेच्या छत्राखाली राहिली. २०१२ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाला पुरेसे कायदेशीर स्वातंत्र्य नसल्याचे स्पष्ट लिहिले. याचा अर्थ आकडे खोटे आहेत असा नव्हे. प्रामाणिक माणसाचा आकडाही दुसऱ्याला तपासता आला नाही, तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ऐकणाऱ्याच्या स्वभावावर राहते, आणि एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा आधार तेवढाच असून चालणार नाही.

यावर अणुऊर्जा क्षेत्रातले लोक म्हणतात, की आकडे उघडे टाकले तर लोक घाबरतील. बेकरेल म्हणजे काय हे कुणाला कळते? जपानचा अनुभव उलटा आहे. फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी २४ ऑगस्ट २०२३ पासून सोडायला सुरुवात झाली. सोडण्यापूर्वी ट्रिटियम लिटरमागे १,५०० बेकरेलच्या आत आणले जाते आणि प्रत्येक खेपेचे आकडे जाहीर होतात. तरीही भीती पसरलीच, चीनने जपानची मासळी बंद केली. ती भीती ओसरायला मदत झाली ती दुसऱ्यांच्या हातांनी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नमुने वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांत तपासून घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चीनच्या तज्ज्ञांनीही तिथल्या समुद्रातून नमुने घेतले. लोकांना बेकरेल समजावून सांगता येतो. बंद फाइलबद्दल काही समजावता येत नाही.

तारापूरमध्ये लपवाछपवीचा संशय वाढायला आणखी एक कारण आहे, आणि त्याचा भट्टीशी संबंध नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. मासळी घटली, की दोष कधी कारखान्यांवर, कधी भट्टीच्या कोमट पाण्यावर, कधी ट्रॉलरवर जातो. किरणोत्साराचे आकडे गावापर्यंत नेमके पोचत असते, तर निदान एक कारण वेगळे काढता आले असते आणि मच्छीमारांचा राग योग्य दारात गेला असता. आज अणुऊर्जा खाते एक मोजते, प्रदूषण नियंत्रण मंडळ दुसरे मोजते आणि समुद्र एकच आहे. शिवाय उत्तरेला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. एवढा भराव आणि लाटारोधक भिंत उभी राहिली तर आसपासचे प्रवाह आणि गाळाच्या वाटा आहे तशाच राहतील, हे गृहीत धरता येणार नाही. पाणी कुठे किती विरळ होते याचे जुने हिशेब मग नव्याने मांडावे लागतील. ते भराव पुरा होण्याआधी सुरू झाले पाहिजेत, म्हणजे तुलनेला आधीची स्थिती हाताशी राहील. १९६० च्या दशकात प्रयोगशाळेने भट्टीच्या आधी किनारा मोजून ठेवला होता, तीच शिस्त आता पुन्हा हवी.

माझी मागणी साधी आहे. घिवलीपासून सातपाटीपर्यंतच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून तिमाही निकाल मराठीत मागावेत: कोणत्या बंदरावरचा कोणता मासा, ताजा की सुका, सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि ट्रिटियम किती, आणि त्याच माशातले निसर्गाचे पोटॅशियम किती. त्या नमुन्यांतला एक भाग दरवर्षी एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला द्यावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. महामंडळाला माहितीचा अधिकार कायदा लागू आहे, तेव्हा नकार आला तर अर्ज करता येतो. किनाऱ्यावरच्या वाचकांनी पुढच्याच ग्रामसभेत हा विषय मांडावा, अशी विनंती आहे.