सूतिकागार : ग्रंथातले आणि घरातले

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयास सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले होते. १८८७ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या, हे सर्वज्ञात आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र आपल्या वैद्यसभांतून क्वचितच निघतो.

नवव्या महिन्यापूर्वीच सूतिकागार सिद्ध करावे, असे चरकाचार्य सांगतात. नाळ नाभीपासून आठ अंगुळे सोडून तीक्ष्ण शस्त्राने छेदावी, हेही त्यांचेच. सुश्रुताचार्य तर परिचारिकांची नखे कापलेली असावीत, इतक्या बारकाव्यात शिरतात. असे ग्रंथ असलेल्या देशात ब्रिटिश अमदानीत बाळंतपणे कोठे होत? घरातील अंधाऱ्या, कोंदट खोलीत, जुनेर अंथरून; नाळ कापायला हाताशी असेल तो विळा, वर राख. नवजात धनुर्वाताला याहून सोपी वाट ती कोणती?

सरकारी वर्तुळातून प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साह्य देण्यासाठी निधी उभा राहिला. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू होऊन डॉ. एडिथ पीची तेथे काम पाहू लागल्या. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या निधीतून सुइणींचे प्रशिक्षण हाती घेतले गेले. परंतु रुग्णालये शहरांत आणि बाळंतिणी खेड्यांत. शिवाय सारा दोष सुइणीच्या माथी मारला गेला. ती खोली निवडणारी, बाळंतिणीला उपाशी ठेवणारी घरातील वडीलधारी मंडळी शिक्षणाच्या कक्षेबाहेरच राहिली. आणि वैद्य? तो ओसरीवर नाडी पाहत बसला. आचार्यांनी सांगितलेली स्वच्छता माजघरापर्यंत पोहोचविण्याचे काम खरे तर त्याचे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताच्या बाबतीत २०१५ मध्ये प्रमाणित झाले. लसीकरण व रुग्णालयातील प्रसूती यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि बाळंतीण चार दिवसांत घरी येते आणि पुढचा सूतिकाकाल आजही घरातच जातो. तेथे आपला शब्द चालतो. औषधालयाच्या फळीवर तर त्या घरातील सासू रोजच उभी असते.

म्हणून औषधालयचालकांना आमची विनंती आहे. बाळंतकाढा वा दशमूलारिष्ट मागितल्यावर बाटली देण्याआधी विचारावे : ताप आहे काय? स्राव दुर्गंधी किंवा अतिरिक्त आहे काय? डोके असह्य दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका आला काय? यांपैकी एकालाही 'होय' असे उत्तर आले, तर बाटली परत फळीवर ठेवावी आणि त्या स्त्रीस तत्काळ रुग्णालयात धाडावे. सूतिकाज्वरात काढ्यावर दोन दिवस काढणे म्हणजे जिवाशी खेळ होय. गिऱ्हाईक तुटेल ही भीती आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. बाळंतीण वाचली तर तेच घर बाळगुटीसाठी परत येते.