दोन डावखुरे, दोन वाटा

आमच्या मालवण किनाऱ्यावर 'परदेश' या शब्दाने कुणी दचकत नाही. वाडीत एखादा तरी बोटीवर असतो, एखादा कुवेतला, एखादा दोह्याला. आम्हा कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत दोन-दोन पिढ्यांची लग्नं, घरं आणि आजारपणं आखातातल्या पगारावर निभावली आहेत. त्यामुळे कुणी निघाला की घरची म्हातारी माणसं पगाराचा आकडा नंतर विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "थंय काम काय गावतला?" नाव मोठ्या कंपनीचं आणि तिथं गेल्यावर हाताला काम नाही, असे अनुभव त्यांनी पाहिलेले असतात.

हाच प्रश्न खेळाच्या बाबतीत मात्र आपण विचारत नाही. भाताची कापणी झाली की आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पाऊस येईपर्यंत. मालवणच्या बोर्डिंग ग्राउंडवर रात्री दिवे लावून सामने होतात, बाहेरून संघ येतात, बक्षिसाला मोटरसायकलही असते. त्यात एखादा उंचपुरा पोरगा जोरात चेंडू टाकताना दिसला की लोक लगेच त्याचं भविष्य रंगवू लागतात. कुणी म्हणतं आयपीएल, कुणी म्हणतं इंग्लंड. मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. मैदानावर माझी जागा कायम सीमारेषेबाहेर, नारळाच्या झाडाखाली. पण क्रिकेट मी आयुष्यभर ऐकलं आहे, पाहिलं आहे, आणि खेळाडूच्या परदेशी जाण्यात नेमकं काय घडतं, याचं मला कुतूहल आहे. आज त्याबद्दल बोलतो.

आधी क्रिकेट सोडून बास्केटबॉलचं एक उदाहरण घेऊ. पंजाबात बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यात १९९५ साली जन्मलेला सतनामसिंग भमरा. शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला आणि २०१० साली, चौदा वर्षांचा असताना, अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्रशिक्षण संस्थेत गेला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. २०१५ साली अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या खेळाडू निवडीत डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा मोठे मथळे आले. पण पुढे काय झालं? त्याच्या वाट्याला दुय्यम लीगचा संघ आला, आणि तिथंही बराचसा वेळ बाकावर गेला. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. २०१७ साली तो परत आला आणि नंतर व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्या पोराने कष्टात कसर केली असं मला वाटत नाही. उंची होती, नाव होतं, नव्हती ती पाळी.

फिलिपीन्सचा काई सोट्टो हा त्याच्यापेक्षाही एक इंच उंच, २००२ साली जन्मलेला. २०१९ मध्ये अमेरिकेत गेला, पुढच्या वर्षी तिथल्या एका नव्या संघाशी करारही झाला. २०२१ च्या सुरुवातीला देशाच्या संघाकडून खेळायला म्हणून तो घरी आला. कोरोनामुळे ते सामनेच लांबणीवर पडले, आणि तिकडचं दारही बंद झालं. देश आणि करार यांत तो असा मधेच लटकला. मग त्याने ऑस्ट्रेलियात ॲडलेडचा संघ धरला आणि २०२३ पासून जपान. चकाकी अमेरिकेपेक्षा कमी, पण मैदानात उतरायला मिळू लागलं. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या मातीकडे येऊ. श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. तिथला झहीर खान, जन्म १९७८ चा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. इंजिनिअरिंगला जायची सोय झालेली असताना वडिलांनीच त्याला वेगवान गोलंदाजी करायला मुंबईला पाठवलं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय मुसलमान घरात हा निर्णय किती धाडसाचा, हे वेगळं सांगायला नको. मुंबईत सुधीर नाईकांनी त्याला आपल्या नॅशनल क्लबात घेतलं, चेन्नईच्या एमआरएफ केंद्रात तो घडला. पण मुंबईच्या रणजी संघाकडून त्याची सुरुवात झाली नाही. तो बडोद्याकडून खेळला आणि २०००-०१ साली बडोद्याने रणजी जिंकली, त्यात अंतिम सामन्याचा मानकरी तोच होता. म्हणजे परक्या गावात जाऊन पाळी मिळवायची सवय त्याला इंग्लंडच्या आधीपासून होती.

२००० साली तो भारताकडून खेळला, २००३ च्या विश्वचषकात १८ बळी घेतले. मग दुखापती सुरू झाल्या. २००५ च्या अखेरीस मंडळाने त्याला करारात खालच्या श्रेणीत टाकलं आणि २००६ च्या पाकिस्तान दौऱ्यानंतर संघातून वगळलं. इरफान पठाण, श्रीशांत, आर. पी. सिंग, मुनाफ पटेल अशी नवी मुलं रांगेत होती. वय सत्तावीस. या वयात वेगवान गोलंदाज एकदा मागे पडला की सहसा पुढे येत नाही.

इथं त्याने वूस्टरशायर या इंग्लिश काउंटीचा करार घेतला. हा करार काय असतो ते समजून घेण्यासारखं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये अशा १८ काउंट्या आहेत, आणि चार दिवसांच्या स्पर्धेत त्यांचे दोन गट असतात. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम. संघात परदेशी माणसाला एखाद-दुसरीच जागा. तेव्हा घरचा पोरगा बाहेर बसवून तुम्हाला घेतलेलं असतं. बळी मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही. एक सामना संपला की गाडीत सामान टाकून दुसऱ्या गावी, परवा पुन्हा पहिला चेंडू. प्रेक्षक थोडे, तेही पेन्शनर, मांडीवर घोंगडी आणि थर्मास घेऊन बसलेले. मागे दौऱ्याचा लवाजमा नसतो, घोषणा नसतात. आमच्या आखातातल्या पोरांना हे ओळखीचं वाटेल: ठरावीक मुदत, ठरावीक काम, आणि संध्याकाळी खोलीवर आपण एकटे.

त्यात वूस्टरशायर त्या वर्षी पहिल्या नव्हे, दुसऱ्या गटात होती! मोठं नाव शोधणाऱ्याने तिकडे पाहिलंही नसतं. झहीरने तिथं एका हंगामात ७८ बळी घेतले आणि काउंटी पहिल्या गटात चढली. एसेक्सविरुद्ध तर पहिले नऊही गडी त्याचेच. दहावाही मिळायचा, पण यष्टिरक्षकाच्या हातून शेवटच्या माणसाचा झेल सुटला. १३८ धावांत ९ बळी, असा तो आकडा राहिला.

बळींच्या आकड्यापेक्षा मला त्यामागची षटकं महत्त्वाची वाटतात. भारतीय संघात असताना वेगवान गोलंदाजाला आपल्या कोरड्या खेळपट्ट्यांवर सुरुवातीची चार-पाच षटकं मिळतात, मग चेंडू फिरकीवाल्यांकडे जातो. वूस्टरला तो सकाळी, दुपारी, चहानंतर, नव्या चेंडूने आणि जुन्या चेंडूनेही टाकत होता. धाव आखूड केली, कारण रोज एवढं टाकायचं तर अंगात शिल्लक हवी. इंग्लंडचा ड्यूक चेंडू, त्याची वर आलेली शिवण, ढगाळ हवा, डावखुऱ्या फलंदाजाला कसं बांधायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा करून हातात बसलं. आम्ही कवितेत याला 'रियाज' म्हणतो. तो मैफलीत होत नाही.

याचं फळ लगेच दिसलं. त्याच वर्षाच्या शेवटी दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर त्याला परत बोलावलं. २००७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने दोन डावांत नऊ बळी घेतले. तो फलंदाजीला आला तेव्हा इंग्लंडच्या कुणीतरी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या आणि तो चिडला, हा किस्सा बऱ्याच जणांना आठवत असेल. ती कसोटी भारताने जिंकली आणि मालिकाही. २०११ च्या विश्वचषकात त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. २०१५ साली निवृत्त झाला तेव्हा कसोटीत ३११ बळी होते. यातले निम्म्याहून कितीतरी जास्त वूस्टरनंतरचे.

अशा कराराची परंपरा जुनी आहे. लँकेशायरच्या गिरणगावांतले क्लब शनिवार-रविवारच्या सामन्यांसाठी एकेक पगारी खेळाडू ठेवत. आपल्याकडचे अमरसिंग, विजय हजारे, दत्तू फडकर, सुभाष गुप्ते असे कितीतरी जण तिकडे राहून खेळले. त्यात १९५२ ची विनू मंकडांची गोष्ट तर सोट्टोच्या पेचाची थोरली बहीण. मंकडांना हॅसलिंग्डन क्लबचा करार होता. त्यांनी मंडळाला विचारलं, इंग्लंड दौऱ्यावर मला नक्की घेणार का? मंडळाने शब्द दिला नाही. मंकड क्लबाकडे गेले. पहिल्या कसोटीत भारताची धूळधाण उडाल्यावर त्यांनाच क्लबकडून मागून घ्यावं लागलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात पाच बळी घेतले. सामना हरलो तरी लोक ती कसोटी मंकडांच्या नावानेच ओळखतात. पोट भरायला करार धरणाऱ्याची देशभक्ती कमी असते, असं म्हणणाऱ्यांनी ही कसोटी आठवावी.

दुसरा डावखुरा मुंबईचा, सौरभ नेत्रावळकर. त्याची वाट झहीरच्या बरोबर उलटी. झहीरने इंजिनिअरिंग सोडून चेंडू धरला, सौरभने चेंडू ठेवून इंजिनिअरिंग धरलं. २०१० साली तो भारताच्या १९ वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे सोबती. पण मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणं म्हणजे सकाळच्या विरार लोकलमध्ये शिरणं. २०१३ साली एक सामना मिळाला, पुढे दार उघडेना. २०१५ साली त्याने कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतला. क्रिकेटला रामराम ठोकूनच तो निघाला होता. नंतर ओरॅकल कंपनीत, सॅन फ्रान्सिस्कोला नोकरी.

आणि तिथं क्रिकेट त्याला शोधत आलं. सॅन फ्रान्सिस्कोत मॅटिंगवर खेळत, म्हणून आठवड्याचं काम आटपून सहा तास गाडी हाकत तो लॉस एंजेलिसला, गवताच्या मैदानावर सामने खेळायला जाई. २०१८ पासून अमेरिकेच्या संघात, लवकरच कप्तान. २०१९ साली नामिबियातल्या स्पर्धेत त्याच्या संघाने एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला. ६ जून २०२४ रोजी टी-२० विश्वचषकात, डॅलसजवळ, पाकिस्तानशी बरोबरी झाली आणि सुपर ओव्हर टाकायला चेंडू याच्या हातात आला. १८ धावा वाचवायच्या होत्या, त्याने १३ दिल्या. पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कला भारताविरुद्ध विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्मालाही बाद केलं. त्या दिवसांत मुंबईतल्या मराठी माणसाची काय गंमत झाली! बळी आपल्या माणसांचे, घेणाराही आपलाच. हॉटेलात परतल्यावर तो लॅपटॉप उघडून कंपनीचं काम करी, ही गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली. काहींना ती गमतीची वाटली. मला त्यात त्याच्या निर्णयाचा कणा दिसला: भाकरीची सोय एकीकडे पक्की होती, म्हणून दुसरीकडे तो मोकळ्या हाताने टाकू शकला.

या दोघांच्या काळापेक्षा आज हिशेब बदलला आहे. पैसा घरीच आला आहे. आपलं मंडळ चालू खेळाडूंना परदेशी टी-२० लीग खेळू देत नाही, काउंटीला मात्र परवानगी देतं. २०२५ साली पालघरच्या शार्दूल ठाकूरने लिलावात कुणी न घेतल्यावर एसेक्सशी काउंटीचा करार केला होता. हंगामाच्या तोंडावर लखनौच्या आयपीएल संघातला गोलंदाज जायबंदी झाला, शार्दूलला बोलावणं आलं आणि एसेक्सचा बेत राहिला. त्याला दोष द्यायचं कारण नाही, दोन महिन्यांत आयपीएल देते ते काउंटी देऊच शकत नाही. पण चार-चार षटकं टाकून तो रियाज कुठून होणार, हा प्रश्न त्याच्या पिढीतल्या प्रत्येक गोलंदाजापुढे आहे.

आमच्या बोर्डिंग ग्राउंडवरच्या पोरापुढे तर त्याच्याही आधीचे प्रश्न आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर मुंबईत मोडत नाही, पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत मोडतो. टेनिस बॉल आणि सीझन बॉल यांत शिवणीचा, वजनाचा, टप्प्याचा फरक. टेनिस बॉलवर मनगटाच्या झटक्याने वेग काढणारा पोरगा सीझन बॉल हातात आला की पहिले काही महिने चाचपडतो. ते चाचपडणं पंधराव्या-सोळाव्या वर्षी झालेलं बरं, बाविसाव्या वर्षी उशीर होतो. त्यामुळे आईबापांनी इंग्लंडची चौकशी करण्याआधी पुण्या-मुंबईचीच करावी. तिथला क्लब कोणता, तिथं खोलीचं भाडं किती, शाळा-कॉलेज कसं चालू ठेवायचं. आणि प्रशिक्षकाला थेट विचारावं, की आमचा झील तुमच्या नेटमध्ये आठवड्याला किती षटकं टाकणार?