दमा आणि जनुकांवरच्या वयाच्या खुणा

मागच्या भागात आपण जनुकं म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यांच्यावर वयाच्या कोणत्या खुणा उमटतात आणि दम्याशी त्यांचा काय संबंध, ते बघू.

डीएनए म्हणजे एक छापील पोथी धरा. तिची अक्षरं जन्मभर जवळपास तीच राहतात. पण समासात पेन्सिलीनं खुणा होत जातात, हे वाच, ते सोडून दे. या खुणा म्हणजे मिथाइल नावाचे इवलेसे रासायनिक गट. वयाबरोबर काही खुणा वाढतात, काही पुसल्या जातात, तेही इतक्या नेमानं की 2013 साली स्टीव्ह हॉरवाथ यांनी अशा 353 जागा तपासून माणसाचं वय ओळखण्याचं गणित मांडलं. यालाच एपिजेनेटिक घड्याळ म्हणतात.

अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या ‘प्रोजेक्ट व्हिवा’ या अभ्यासात मुलांकडे आईच्या गरोदरपणापासून लक्ष ठेवलं आहे. त्यावरच्या 2019 च्या शोधनिबंधात दिसलं, की दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या शाळकरी मुलांचं हे घड्याळ सरासरीनं थोडं पुढे होतं.

“मग माझं मूल लवकर म्हातारं होणार का हो?” असं आईवडील विचारतात. तसं यातून निघत नाही. तपासलं ते रक्त, फुफ्फुस नव्हे. अ‍ॅलर्जीत रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढतात, आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीवरच्या खुणा वेगळ्या. पेशींचं मिश्रण बदललं की काटा हलतो. संशोधक त्याचा हिशेब धरतात, तरी दम्यामुळे घड्याळ पुढे गेलं की उलट, हे एकदाच केलेल्या मोजणीतून ठरत नाही.

मला धुराबद्दलचे निष्कर्ष जास्त मोलाचे वाटतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या एएचआरआर या जनुकावरच्या मिथाइल खुणा ठळकपणे घटतात. गरोदर आईनं ओढली, तर बाळाच्या नाळेच्या रक्तातही तो बदल सापडतो. सिगारेट सोडली, की काही वर्षांत त्या खुणा बऱ्याच अंशी परत येतात! शिवाय घरातला सिगारेटचा धूर मुलांचा दमा वाढवतो, हे खुणांचा शोध लागायच्या आधीपासून ठाऊक आहे.

‘खरं वय’ सांगणाऱ्या चाचण्यांवर दम्यासाठी पैसे घालू नका. तो आकडा पाहून कुणी औषध ठरवत नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो परस्पर बंद करणारी कुटुंबं मला इंदूरलाही भेटतात, बडोद्यालाही. सवय वगैरे काही लागत नाही. त्यातलं स्टेरॉइड श्वासनलिकांची सूज उतरवतं, म्हणून बरं वाटत असतानाही ते चालू ठेवायचं असतं. कमी करायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

पुढच्या भागात लहान मुलांना पंपाबरोबर स्पेसर कसा लावायचा, ते दाखवतो.