दारू, टोप्या आणि छरे : विक्रेत्याने परवाना का पाहावा?

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या गावांतील शेतकऱ्याला रानडुक्कर, वानर आणि साळिंदर यांच्यापासून पिकाचे रक्षण करणे ही नित्याचीच चिंता असते. भाताची लोंबी भरू लागली, नाचणी कणसात आली, की रात्रीची राखण सुरू होते. या राखणीसाठी कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबांकडे ठासणीच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत. १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आलेल्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येही या गरजेची दखल घेण्यात आली आहे. पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेपोटी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा त्यातील कलम १३ मध्ये स्वतंत्र उल्लेख आहे. एवढेच नव्हे, तर केवळ ठासणीच्या बंदुकीने पिकाचे रक्षण होण्यासारखे नसेल, तर दुसऱ्या प्रकारच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याचीही मुभा त्यात ठेवलेली आहे.

बंदुकीच्या परवान्याविषयी गावोगावी पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या बंदुकीत जे भरायचे, त्याच्या विक्रीविषयी मात्र फारसा विचार झालेला दिसत नाही. "शासनाने बंदुकीचा परवाना दिला आहे ना? मग थोडीशी दारू आणि टोप्यांची एक डबी घेताना दुकानदाराने तो पुन्हा कशाला मागावा?" अशी तक्रार शेतकऱ्यांकडून होते. तालुक्याच्या गावी येण्यात दिवस मोडतो, आणि परवान्याचे पुस्तक घरी राहिले म्हणून रिकाम्या हाताने परतावे लागते, तेव्हा ही तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. तरीही या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आवश्यक आहे.

काडतुसाच्या बंदुकीत दारू, टोपी व छरे हे सारे एकाच नळकांड्यात कारखान्यातून बंद होऊन येते. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. तिच्या नळीत तोंडाकडून सुटी दारू घालावयाची, त्यावर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि हे सर्व गजाने ठासावयाचे. शेवटी मागच्या बाजूच्या बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवावयाची. चाप ओढला की घोडा त्या टोपीवर आदळतो, टोपीतील आघाताने पेटणारे द्रव्य ठिणगी देते आणि बार उडतो. म्हणजे प्रत्येक बारासाठी शेतकरी स्वतःच आपले काडतूस तयार करीत असतो, असे म्हटले तरी चालेल.

येथेच खरी अडचण आहे. बंदुकीवर क्रमांक असतो आणि तो परवान्यात नोंदलेला असतो. काडतुसाच्या बुडावरही सहसा कारखान्याची खूण असते. सुट्या दारूवर मात्र कसलीच खूण नसते. पुडी एकदा दुकानाबाहेर पडली, की ती कोणाची, कोठून आली, किती होती, हे सांगणारा एकच पुरावा उरतो आणि तो म्हणजे विक्रेत्याच्या नोंदवहीतील एक ओळ. ती ओळ परवाना समोर ठेवून लिहिलेली नसेल, तर तिला काही अर्थ राहत नाही.

कायदा काय म्हणतो

पुष्कळांची समजूत अशी असते की, कायद्याच्या भाषेत 'दारूगोळा' म्हणजे तयार काडतुसे. ही समजूत बरोबर नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येत बंदुकीत भरावयाचे बार, त्या बारांची साधने, दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री या सर्वांचा समावेश करण्यात आला आहे. याखेरीज ज्या कच्च्या द्रव्यांना केंद्र शासन राजपत्रात अधिसूचित करील, तीही या व्याख्येत येतात. बंदुकीची दारू, टोप्या आणि बंदुकीसाठीच घडविलेले छरे हे त्यामुळे दारूगोळाच होत. ते बाळगण्यास परवाना लागतो व ते विकण्यासही वेगळा परवाना लागतो. बंदुकीची दारू ही स्फोटक असल्याने तिला १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि त्याखालील २००८ चे नियमही लागू होतात. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आठवडी बाजारात मीठमिरचीच्या शेजारी सुटी दारू मांडण्यास कायद्यात कोठेही जागा नाही.

विक्रेत्याने परवाना पाहावा की पाहू नये, हा त्याच्या मर्जीचा प्रश्नही कायद्याने ठेवलेला नाही. घेणारा मनुष्य तो माल बाळगण्यास हक्कदार आहे, याची आधी खात्री करून न घेता शस्त्र किंवा दारूगोळा त्याच्या हाती देणे हा कलम २९ अन्वये विक्रेत्याचा अपराध ठरतो. एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस असा माल विकण्यास कलम ९ ने मनाई केली आहे. 'ओळखीचा माणूस आहे' हे उत्तर येथे उपयोगी पडत नाही.

व्यवहारात सर्वांत अधिक गोंधळ होतो तो दुसऱ्याचा परवाना घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत. वडील वृद्ध आहेत, त्यांना एस.टी.चा प्रवास झेपत नाही, म्हणून मुलगा पुस्तक घेऊन येतो. अशा कुटुंबांचा विचार अधिनियमाने केलेला आहे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याने लेखी अधिकार दिला असल्यास, त्याच्याच वापरासाठी शस्त्र वा दारूगोळा नेण्यास कलम ३ च्या परंतुकाने मुभा दिली आहे. तेव्हा मुलाने वडिलांच्या सहीचे पत्र बरोबर आणावे आणि विक्रेत्याने ते मागून घ्यावे, हा सरळ मार्ग होय. नुसते पुस्तक पुढे करणे पुरेसे नाही.

कोठवर विचारावे

या नियमाची दुसरीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. बंदुकीची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची बनते. पण आंब्याच्या मोहोरावर किंवा द्राक्षाच्या वेलीवर भुरी पडली की शेतकरी गंधकच वापरतो. शिशाच्या गोळ्या मच्छीमार आपल्या जाळ्याला लावतो. जाळ्यासाठी शिसे मागणाऱ्याला किंवा बागेसाठी गंधकाची पिशवी नेणाऱ्याला बंदुकीचा परवाना विचारणे हास्यास्पद ठरेल. तसे झाले तर लोक नियमाचीच थट्टा करू लागतील, आणि मग जेथे विचारणे अत्यावश्यक आहे तेथेही ते मोडीत निघेल. जे सुटे भाग पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतूच नाही, अशा किरकोळ भागांना अधिनियमाच्या कलम ४५ ने वगळले आहे, ते याच विचाराने असावे.

मग रेषा कोठे ओढावी? या बाबतीत ब्रिटनचा दाखला बोधप्रद आहे. तेथील नेमबाज व शिकारी वापरलेल्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यात नवी टोपी, दारू व गोळी भरून ते पुन्हा वापरतात. या नळकांड्यांच्या टोप्या पूर्वी कोणालाही दुकानातून विकत घेता येत असत. बेकायदा काडतुसे घरच्या घरी भरली जातात, या चिंतेतून २००६ च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्यात टोप्यांची विक्री प्रमाणपत्र पाहूनच करण्याचे बंधन घालण्यात आले. रिकामी नळकांडी मात्र त्या बंधनात आणली नाहीत. जी वस्तू घरी बनविणे अवघड आणि जिच्यावाचून बार उडत नाही, तिच्यावर नजर ठेवली की बाकीच्या शेकडो वस्तूंवर पहारा बसविण्याची गरज पुष्कळशी कमी होते.

आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीलाही हेच लागू पडते. बेकायदा बंदुका गावठी कारागिराकडून तयार होतात आणि त्या पकडल्या गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तशी बंदूक करणाऱ्याकडे परवान्याचा प्रश्नच नसतो. पण टोपी हा कारखान्याचा माल आहे. त्या बंदुकीला टोपी मिळते ती कोणत्या तरी दुकानातून, कोणाच्या तरी परवान्यावर, किंवा परवाना न पाहताच. त्यामुळे बंदुकीच्या परवान्याने जे साधत नाही, ते विक्रेत्याच्या एका प्रश्नाने बऱ्याच अंशी साधू शकते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सुटे स्फोटक नोंदीबाहेर गेले की त्याचे काय होते, याची आठवण केरळमधील पालक्काड जिल्ह्याने सर्व देशाला करून दिली. स्फोटक भरलेले फळ तोंडात फुटून जबर जखमी झालेली एक गरोदर हत्तीण २७ मे २०२० रोजी तेथील नदीत उभ्या उभ्या मरण पावली. असली आमिषे रानडुकरांसाठी ठेवली जातात. ती कोण चावेल हे ठेवणाऱ्याच्या हातात नसते; गुरे, कुत्री आणि कधी सरपण गोळा करणारी माणसेही त्यांना बळी पडू शकतात. येथे हेही सांगितले पाहिजे की, पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे आणि पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यास मारण्यासाठी त्या अधिनियमाच्या कलम ११ खालील परवानगी वेगळी घ्यावी लागते. राधानगरी किंवा कोयना यांसारख्या अभयारण्यांच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांवर तर वन विभागाकडे नाव नोंदविण्याचीही जबाबदारी आहे.

पुस्तकात काय पाहावे

परवाना पाहणे म्हणजे त्याचे मुखपृष्ठ पाहणे नव्हे. छायाचित्र समोरच्या माणसाचे आहे काय, मुदत संपली आहे काय, नोंदलेली बंदूक ठासणीचीच आहे काय, आणि एका वेळी व वर्षभरात किती दारूगोळा घेण्यास मुभा आहे, या चार गोष्टी पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. विक्री झाल्यावर मालाचा प्रकार, प्रमाण व तारीख परवान्यावर आणि नोंदवहीत लिहून विक्रेत्याने सही करावयाची असते. ही नोंद शेतकऱ्याच्याही हिताची आहे. चौकशीचा प्रसंग आला, तर आपल्याकडील दारू कायदेशीर आहे हे तो तिच्याच आधारे दाखवू शकतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. मुदत लांबली म्हणून नूतनीकरणाचा विसर पडण्याची शक्यताही वाढली आहे. सरपंच व पोलीस पाटील यांनी आपल्या गावातील परवान्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवल्या, तर दुकानातून रिकाम्या हाताने परतण्याचे पुष्कळसे प्रसंग टळतील.

परवानाधारक मृत्यू पावलेल्या घरांकडे त्यांनी विशेष लक्ष द्यावे. आजोबांच्या मागे बंदूक माळ्यावर राहते, पुस्तक पेटीत राहते आणि नातू तेच पुस्तक घेऊन दारू आणावयास जातो. वस्तुतः परवाना वारसाहक्काने मिळत नाही. बंदूक बाळगणे ज्या क्षणी बेकायदा ठरते, त्यानंतर विनाविलंब ती नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा नियमांनुसार परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. जमा केल्याने बंदूक कायमची जात नाही. वारसाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, अथवा पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात आयुक्तांकडे, स्वतःच्या नावे परवाना मागावा आणि तो मिळाल्यावर ती परत घ्यावी.